गावातलं पाणी तपासायचंय? सुरुवात गटारापासून करा

जुलाबाची साथ आली की सगळे टाकीकडे धावतात, पण बऱ्याचदा घाण पाइपलाइनीतच शिरलेली असते. नळ गेला की पाइपात दाब राहत नाही, आणि लिकेज गटाराजवळ असेल तर तेच पाणी आत खेचलं जातं, मग दुसऱ्या दिवशी पहिली बादली गढूळ. म्हणून चार-पाच जणांनी मिळून लाइनीवरून एकदा चालत जा, व्हॉल्व्हचे खड्डे उघडून बघा, कुणाचं कनेक्शन गटारातून गेलंय त्याचे फोटो काढा (भांडण होईल, होऊ दे).

मग ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलाय का ते बघायची चाचणी. जलसुरक्षकाकडे (गावच्या पाण्याची देखरेख करणारा पंचायतीचा माणूस) तिची छोटी बाटली असते, नळाच्या पाण्यात थेंब टाकले की पिवळं झालं तर क्लोरीन आहे, रंगच आला नाही तर नाही. पण टाकीशेजारच्या नळाला करून काय उपयोग, लाइनीच्या शेवटच्या घरी करायची, तिथे लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम हवा.

टीसीएल पावडरची (पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर) पिशवी उघडी राहिली की क्लोरीन उडून जातो, वास येत नसेल तर ती जवळजवळ चुनाच समजा. आणि कोरडी पावडर विहिरीत फेकू नका, बादलीत कालवून चुना खाली बसू द्या, वरची निवळ तेवढी ओता, अर्धा तास तरी उपसा नको.

पाण्याच्या सरकारी तपासणीत पंचायतीला लाल (धोका जास्त), पिवळं (मध्यम) की हिरवं (कमी) कार्ड मिळालंय हे ग्रामसभेत विचारा, लाल असेल तर कशामुळे ते इतिवृत्तात लिहून घ्या.