जुन्या टेस्ट जेयुनिट ५ वर नेताना: नव्याने जॉइन झालेल्यांसाठी

ऐरोलीत जॉइन झाल्यावर मला पहिलं मोठं काम मिळालं ते जावा प्रोजेक्टच्या टेस्ट जेयुनिट ४ वरून ५ वर न्यायचं. जेयुनिट म्हणजे जावा कोड बरोबर चालतो का हे तपासणाऱ्या टेस्ट लिहायचं आणि चालवायचं साधन. माझ्यासोबत ठाण्याहून ट्रान्सहार्बर लोकलने येणारी बॅचमधली मुलं फीचर लिहीत होती, त्यामुळे आधी हिरमुसले. आज कुणी विचारलं तर सांगेन, हे काम मागून घ्या. प्रत्येक टेस्ट वाचावीच लागते आणि अख्खा प्रोजेक्ट आतून कळतो.

सगळं एका दमात बदलायचं नसतं. २०१७ मध्ये आलेल्या जेयुनिट ५ मध्ये व्हिंटेज नावाचं इंजिन आहे, ते जुन्या टेस्ट तशाच चालवतं. नव्या चालतात ज्युपिटर या इंजिनवर. म्हणून एकेक मॉड्यूल घ्या. बिफोरचं (प्रत्येक टेस्टआधी चालणाऱ्या सेटअपची खूण) बिफोरइच, इग्नोरचं (टेस्ट वगळायची खूण) डिसेबल्ड ही नावांची अदलाबदल ओपनरीराइटसारखं टूल करून देतं.

डोळ्यांत तेल घालून बघायचं ते असर्शनकडे, म्हणजे टेस्टमधल्या प्रत्यक्ष तपासणीच्या ओळीकडे. जेयुनिट ४ मध्ये टेस्ट फेल झाल्यावर दाखवायचा मेसेज पहिला यायचा, ५ मध्ये तो शेवटी गेला. आमच्याकडे असर्टनॉटनलला (किंमत नल, म्हणजे रिकामी, नाही ना हे तपासणारं असर्शन) आधी ‘पावती क्रमांक मिळाला नाही’ हा मेसेज आणि मग पावती क्रमांक दिलेला होता. दोन्ही स्ट्रिंग, म्हणजे मजकूरच. हाताने नुसता इम्पोर्ट बदलला तर कोड बिनतक्रार कंपाइल होतो, पण आता तपासला जातो तो मेसेजच! तो कधीच नल नसतो, त्यामुळे पावती क्रमांक येवो न येवो, टेस्ट पास.

आमच्या लीड मॅडम म्हणायच्या, “अगं, टेस्ट हिरवी, म्हणजे पास, दिसली म्हणून कमिट करू नकोस. आधी ती लाल करून दाखव.” म्हणजे मूळ कोडमधून मुद्दाम नल परत करायचं, टेस्ट फेल होते का बघायचं, मग कोड पूर्ववत करायचा. वेळ जातो, पण याला पर्याय नाही.

आकडाही जुळवा. मेव्हन या बिल्ड टूलचं टेस्ट चालवणारं प्लगइन शुअरफायर २.२२.० पेक्षा जुनं असेल तर ज्युपिटरच्या टेस्ट ते आपणहून ओळखत नाही, त्या चालतच नाहीत आणि बिल्ड मात्र सक्सेस दाखवतं. बदलाआधीची आणि नंतरची एकूण टेस्टची संख्या शेजारी ठेवून बघा. तसंच नव्या टेस्टच्या क्लासमध्ये जुन्या बिफोरचा इम्पोर्ट राहिला तर सेटअप चालत नाही.

व्हिंटेजवर मात्र विसंबून राहू नका. २०२५ मध्ये आलेल्या जेयुनिट ६ ला किमान जावा १७ लागतं आणि त्यात व्हिंटेज डेप्रिकेट झालंय, म्हणजे ते यापुढे वापरू नका असं सांगितलंय. उरलेल्या टेस्टची तिकिटं (कामांच्या नोंदी) आत्ताच काढून ठेवा.