एक्स-रे, सीटी, एमआरआयचे तंत्र पदवीला शिकताय? या चुका टाळा

सेकंड पीयूसीचा, म्हणजे कर्नाटकातील बारावीचा, निकाल लागला की बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांतील मराठी घरांत एक प्रश्न हमखास निघतो: एमबीबीएसला गुण पुरले नाहीत, मग दवाखान्यातले दुसरे कोणते काम शिकता येईल? अलीकडे त्यावर ‘एक्स-रे, स्कॅनिंगचा कोर्स’ हे उत्तर मिळते आणि ते चांगले उत्तर आहे. मात्र या विषयाच्या विद्यार्थ्यांना यंत्रासमोर उभे करून शिकवताना मी अनेक वर्षे पाहतो आहे की, मेहनती मुलेसुद्धा पुन्हा पुन्हा त्याच जागी अडखळतात. त्या जागा आधीच ठाऊक असत्या, तर त्यांचे वर्ष वाया गेले नसते.

प्रवेशाच्या वेळी होणाऱ्या चुका

पहिली चूक कोर्सचे नाव नीट न वाचण्याची. सहा महिन्यांचे प्रमाणपत्र, पॅरामेडिकल बोर्डाची पदविका आणि विद्यापीठाची पदवी या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, पण जाहिरातीत त्या एकाच दमात सांगितल्या जातात. बेंगळुरूच्या राजीव गांधी आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा बी.एस्सी. मेडिकल इमेजिंग टेक्नॉलॉजी हा अभ्यासक्रम तीन वर्षे शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप अशा रचनेचा आहे. २०२१ साली संसदेने संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला, त्यात आरोग्यसेवा व्यावसायिकाची पदवी किमान ३६०० तासांची असावी असे म्हटले आहे. इतके तास रुग्णालयात उभे राहिल्याशिवाय भरत नाहीत, म्हणून ‘घरबसल्या पदवी’ असे कोणी सांगू लागले तर तिथून उठून यावे. कॉलेज पाहायला जाल तेव्हा इमारतीपेक्षा एक्स-रे विभागात दिवसाला किती रुग्ण येतात, सीटी आणि एमआरआय कॉलेजच्याच रुग्णालयात आहेत की बाहेर पाठवतात, हे आधी विचारा.

दुसरी चूक खास आपल्या सीमाभागातली. दहावीपर्यंत बेळगाव जिल्ह्यात आणि अकरावी-बारावीला गडहिंग्लज, चंदगड किंवा कोल्हापूरला, असे शिकणारे पुष्कळ आहेत. कर्नाटक परीक्षा प्राधिकरणाच्या प्रवेशांत राज्यात किमान सात वर्षे शिक्षण झाल्याची अट लावली जाते आणि त्यासाठी शाळेच्या दाखल्यावर क्षेत्रशिक्षणाधिकाऱ्यांची सही लागते. हा दाखला ऐन प्रवेशाच्या धावपळीत मागायला जाऊ नका, कारण तेव्हा कार्यालयात रांग असते आणि मुख्याध्यापक सुटीवर असतात. महाराष्ट्रानेही आपला दावा असलेल्या कर्नाटकातील ८६५ गावांच्या मराठी विद्यार्थ्यांसाठी काही व्यावसायिक प्रवेशांत वेगळी तरतूद ठेवली आहे. ती तुमच्या कोर्सला लागू होते का, हे त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतील पात्रतेच्या कलमातच पाहावे, शेजाऱ्याच्या मुलाच्या अनुभवावर विसंबू नये.

भौतिकशास्त्र पाठ करणे

मराठी माध्यमातून आलेली मुले पहिल्या वर्षी शरीररचनेच्या इंग्रजी नावांना घाबरतात, पण ती भीती दिवाळीपर्यंत ओसरते. खरा घात भौतिकशास्त्रात होतो, कारण तिथे व्याख्या पाठ करून गुण मिळतात आणि यंत्रापुढे गेल्यावर त्याच व्याख्येचा उपयोग करता येत नाही. केव्हीपी (नळीला दिलेला विद्युतदाब) वाढवला की किरणांची भेदकता वाढते, एमएएस (नळीतील प्रवाह आणि वेळ यांचा गुणाकार) वाढवला की किरणांचे प्रमाण वाढते, एवढे सगळे लिहितात. मग ‘रुग्ण जाड आहे आणि चित्रात मणके दिसतच नाहीत, आता काय बदलशील?’ असे विचारले की बहुतेक जण एमएएस दुप्पट करतात. किरण आरपारच जात नसतील, तर त्यांची संख्या वाढवून रुग्णाच्या अंगात किरणांची जास्त मात्रा जिरते आणि चित्र होते तसेच राहते. केव्हीपी सुमारे १५ टक्के वाढवला तर चित्रावर होणारा परिणाम एमएएस दुप्पट करण्याएवढा असतो, हा नियम मराठीत स्वतःच्या शब्दांत समजावून सांगता येईपर्यंत घोटावा. अंतराचेही तसेच आहे: किरण सोडणाऱ्या नळीपासूनचे अंतर दुप्पट केले की तीव्रता चौथाईवर येते, आणि पोर्टेबल एक्स-रे काढताना दोन पावले मागे सरकण्याचे मोल या एका वाक्यात सामावलेले आहे.

डिजिटल यंत्रांनी एक नवी सवय लावली आहे, तिची मला सर्वाधिक काळजी वाटते. पूर्वी फिल्म काळीकुट्ट झाली की चूक लगेच कळायची. आता संगणक उजेड-अंधार आपणच सावरून घेतो, त्यामुळे जास्त मात्रा दिली तरी चित्र सुरेख दिसते आणि कमी दिली तर दाणेदार होते. विद्यार्थी मग दाणे टाळण्यासाठी हळूहळू मात्रा वाढवत जातो आणि त्याला कोणी टोकत नाही. प्रत्येक चित्राबरोबर पडद्यावर येणारा एक्स्पोजर निर्देशांक, म्हणजे किती किरण पोहोचले ते सांगणारा आकडा, वाचा. काही कंपन्यांच्या यंत्रांत हा आकडा मोठा असणे म्हणजे मात्रा कमी असणे, काहींत नेमके उलट, म्हणून आपल्या विभागातील यंत्राचा अर्थ पहिल्याच दिवशी विचारून वहीत लिहून ठेवा.

छातीचा फोटो बिघडला तर कारण कसे शोधावे

आपल्याकडे रुग्ण ‘एक्स-रे’ म्हणत नाहीत, ‘छातीचा फोटो काढायला आलोय’ म्हणतात. विद्यार्थ्याच्या हातून सर्वाधिक बिघडतो तोही हाच फोटो. गळ्याजवळच्या दोन्ही हाडांची आतली टोके मणक्याच्या मधल्या रेषेपासून समान अंतरावर नसतील, तर रुग्ण तिरका उभा होता. खांद्याची पाती फुप्फुसांवर आली असतील, तर खांदे पुढे वळवून घेतले नव्हते. पडद्यावर पाठीमागच्या नऊ-दहा बरगड्या डायफ्रामच्या (छाती आणि पोट यांमधल्या पडद्याच्या) वर मोजता येत नसतील, तर श्वास पुरता घेतलेला नाही आणि हृदय उगाच मोठे दिसेल. चित्राची एकच बाजू फिकट असेल, तर ग्रिड (विखुरलेले किरण अडवणारी शिशाच्या पट्ट्यांची जाळी) आणि नळी यांची मध्यरेषा जुळते का ते पाहा. मध्य बरा आणि दोन्ही कडा पांढऱ्या असतील, तर ग्रिड उलटी बसली आहे का ते पाहा.

मी स्वतः शिकत असताना एका म्हाताऱ्या बाईंच्या उजव्या फुप्फुसाच्या शेंड्यावर मला लांबट छाया दिसली आणि मी धावत सरांकडे गेलो. सरांनी चित्र न पाहताच विचारले, ‘वेणी वर बांधली होतीस का?’ दाट, तेल लावलेली, खांद्यावर आलेली वेणी फुप्फुसावर अगदी अशीच छाया पाडते. तेव्हापासून मंगळसूत्र, ताईत, करगोटा आणि वेणी यांची विचारपूस रुग्ण खोलीत शिरताच करायची शिस्त मी लावून घेतली. मंगळसूत्र काढायला सांगताना मात्र कारण सांगावे आणि ते बाईंच्या नातेवाइकाच्याच हातात द्यावे, टेबलावर ठेवायला सांगू नये. डावे-उजवे दाखवणारा शिशाचा मार्कर फोटो काढतानाच लावावा. नंतर संगणकावर अक्षर टाकण्याची सवय लागली की एखाद्या दिवशी चुकीच्या बाजूला अक्षर पडते.

भाषेचा अभ्यास न करणे

बेळगावच्या रुग्णालयात सकाळी खानापूरचे मराठी, हुक्केरी-गोकाकचे कन्नड आणि चोर्ला घाटातून आलेले कोकणी बोलणारे रुग्ण एकाच बाकावर बसलेले असतात. ‘श्वास घ्या, धरून ठेवा’ हे ज्याला कळले नाही तो नेमका बटण दाबताना श्वास सोडतो, आणि चित्र हलते. रुग्ण ऐकत नाही म्हणून विद्यार्थी चिडतो, पण चूक विद्यार्थ्याची असते. ‘उसिर तगोरी’ (श्वास घ्या), ‘हिडकोरी’ (धरून ठेवा), ‘बिडरी’ (सोडा) हे कन्नड शब्द पहिल्या आठवड्यात शिकून घ्या आणि फोटोआधी एकदा कोरडी रंगीत तालीम करून घ्या. वयाने मोठ्यांना आजी, मामा, काका, कन्नडमध्ये अज्जी म्हणून बोलावले की त्यांचे खांदे आपोआप सैल पडतात.

किरणांपासून बचावातली ढिलाई

टीएलडी बॅज, म्हणजे अंगाला मिळालेले किरण मोजणारा बिल्ला, हा शिसे असलेल्या ॲप्रनच्या आत, छातीवर लावायचा असतो. तो गाडीत, पाकिटात किंवा एक्स-रे खोलीत टांगून ठेवला तर तुमच्या शरीराला मिळालेली मात्रा कळत नाही. अणुऊर्जा नियामक मंडळाने कर्मचाऱ्यांसाठी पाच वर्षांची सरासरी वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (किरणांची मात्रा मोजण्याचे एकक) आणि कोणत्याही एका वर्षी ३० मिलिसिव्हर्ट अशी मर्यादा घातली आहे, तर सर्वसामान्यांसाठी ती वर्षाला १ मिलिसिव्हर्ट आहे. अठरा वर्षांखालील व्यक्तीला किरणोत्सर्ग कर्मचारी म्हणून नेमता येत नाही. ॲप्रन घडी करून कपाटात कोंबू नका, आत भेगा पडतात आणि त्या वरून दिसत नाहीत. तो हँगरवर टांगावा.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे रडणारे मूल धरायला विद्यार्थ्याने दर वेळी स्वतः पुढे होणे. हे मायेपोटी होते, हे मला कळते, पण तुम्हाला ते रोज करावे लागेल आणि आईला बहुधा एकदाच. आधी पट्टे आणि वाळूच्या पिशव्या वापरून पाहावे. नाहीच जमले तर आईला ती गरोदर नाही ना हे विचारून, ॲप्रन घालून, किरणांच्या थेट झोताबाहेर उभे करावे.

एमआरआयला एक्स-रे नसतात म्हणून मुले तिथे सैल वागतात. चुंबक मात्र रात्रंदिवस चालू असते, स्कॅन सुरू असो वा नसो. २०१८ साली मुंबईतील एका रुग्णालयात ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन आत गेलेल्या तरुणाचा जीव गेला. दारातून कोण काय घेऊन येते, ते पाहण्याचे काम विद्यार्थ्याचेही आहे.

आपल्या कामाची सीमा ओलांडणे

फोटो निघताच नातेवाईक विचारतात, ‘काय आलंय बाळा, सांग की.’ गावच्या माणसाला नाही म्हणणे जड जाते, पण अहवाल देणे हे रेडिओलॉजिस्टचे काम आहे. ‘डॉक्टर पाहून सांगतील, मी लगेच पाठवतो’ एवढेच म्हणावे आणि खरेच लगेच पाठवावे. गर्भवतीच्या सोनोग्राफीच्या बाबतीत तर १९९४ च्या पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंगनिदानाला बंदी घालणाऱ्या, कायद्याने अधिकार ठरवून दिलेले आहेत. बाहेर कोणी ‘प्रोब (सोनोग्राफी यंत्राचा पोटावर फिरवायचा भाग) फक्त ठेव’ असे सांगून काम देऊ केले तर स्पष्ट नकार द्यावा.

इंटर्नशिपच्या वर्षात

शेवटच्या वर्षी काही जण एकाच सोयीच्या विभागात रमतात आणि सीटीवर हात न बसताच बाहेर पडतात. रात्रपाळी मागून घ्या, अपघाताचे रुग्ण तेव्हाच येतात आणि मान न हलवता फोटो काढायला तेव्हाच शिकता येते. लॉगबुकवर, म्हणजे केलेल्या कामाच्या नोंदवहीवर, त्याच दिवशी सही घ्या, वर्षअखेरीला कोणाला काही आठवत नाही. रुग्णालय सोडताना टीएलडीच्या नोंदींची प्रत आणि आपला वैयक्तिक क्रमांक लिहून घ्या, म्हणजे नव्या नोकरीत तोच क्रमांक देता येईल आणि तुमची मात्रा पहिल्या दिवसापासून जोडून मोजली जाईल.