फेशियलआधी पॅच टेस्ट मागा

‘सगळं नॅचरल आहे, काही होत नाही’ असं पार्लरमध्ये सांगितलं तरी निर्धास्त होऊ नका. लॅव्हेंडर, टी ट्री यांसारखी सुगंधी तेलं नैसर्गिकच, पण काहींना त्यांचीच ॲलर्जी होते. लिंबाचा रस तर इतका आम्लधर्मी असतो की तो थेट चेहऱ्यावर लावूच देऊ नये. म्हणून दोन दिवस आधी जाऊन जो पॅक लावणार आहेत त्यातला थोडासा कोपराच्या आतल्या बाजूला लावून घ्या आणि ४८ तास बघा, हीच पॅच टेस्ट. खाज, लाली, बारीक पुरळ आलं तर तो पॅक नकोच. चांगली ब्यूटिशियन याला कधीच नाही म्हणणार नाही.

रेटिनॉल (‘अ’ जीवनसत्त्वाचं, सुरकुत्या-मुरुमांच्या क्रीममध्ये असणारं द्रव्य) वापरत असाल किंवा मुरुमांच्या गोळ्या चालू असतील तर ते आधीच सांगा. चेहरा चटकन लाल होत असेल तर वाफ टाळा. मसाज चालू असताना चुरचुरलं तर संकोच न करता लगेच पुसायला सांगा. ‘थोडं झोंबणारच’ हे ऐकून घेऊ नका.

आणि समारंभाच्या आदल्या दिवशी नवीन फेशियल नको. चार-पाच दिवस हाताशी ठेवा, स्क्रबनंतर बाहेर पडताना सनस्क्रीन लावाच.