ऑनलाइन लिलावात वाद्य विकताना आपली बाजू कशी राखावी

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तयार झालेला तानपुरा आज अमेरिकेतल्या एखाद्या विद्यार्थ्याला घरबसल्या विकता येतो, ही मोठीच सोय आहे. पण ही सोय ज्यांनी वापरली, त्यांच्यापैकी अनेकांची तक्रार एकच असते: ग्राहकाने वाद्य महिनाभर वापरून नापसंत ठरवले, पैसे आपल्या खात्यातून वळते झाले आणि आपले म्हणणे कोणी नीट ऐकूनही घेतले नाही. या तक्रारीला आधार आहे. १९९५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या ईबे या लिलावाच्या संकेतस्थळाने २००८ मध्ये नियम बदलला आणि तेव्हापासून विक्रेत्याला ग्राहकाविषयी प्रतिकूल अभिप्राय नोंदवता येत नाही. ग्राहकाला मात्र विक्रेत्याविषयी तो नोंदवता येतो. त्या वर्षी फेब्रुवारीत अनेक विक्रेत्यांनी आठवडाभर माल न मांडता निषेध केला, तरीही नियम मागे घेतला गेला नाही. ईबेचे भारतीय संकेतस्थळ ऑगस्ट २०१८ मध्ये बंद झाल्यामुळे आपल्याकडच्या विक्रेत्याला तेथे आता परदेशी ग्राहकालाच माल विकता येतो, म्हणजे वाद झाला तर समोरचा माणूस हजारो मैलांवर असतो.

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा सौदा निघतो, तेव्हा शेतकरी आपल्या मालाशेजारी उभा असतो, बोली त्याच्या कानावर पडते आणि अडत्याशी बिनसले तर बाजार समितीचे दार ठोठावता येते. ऑनलाइन लिलावात सौदा काढणारा, रक्कम ताब्यात ठेवणारा आणि वादाचा निवाडा करणारा एकच असतो. त्याच्यापुढे आपल्याला जाऊन उभे राहता येत नाही. आपण वेळेत नोंदवलेला पुरावा तेवढा पोहोचतो. म्हणून पुढील सर्व तयारी वाद उद्भवण्यापूर्वीच करावयाची आहे.

प्रथम हिशेब करावा. निर्यातीसाठी लागणारा आयात-निर्यात कोड पाचशे रुपये शुल्क भरून ऑनलाइन मिळतो, त्यात अडचण येत नाही. अडचण येते ती कमिशन समजून घेण्यात. ईबेवर कमिशन केवळ वस्तूच्या किमतीवर नव्हे, तर ग्राहकाने भरलेल्या एकूण रकमेवर, म्हणजे पाठवणीच्या खर्चासह, आकारले जाते. समजा, तानपुरा २०,००० रुपयांना विकला गेला, पाठवणीचे ८,००० रुपये ग्राहकाने भरले आणि कमिशनचा दर शेकडा १३ आहे. अशा वेळी २,६०० रुपये कापले जातील असे विक्रेत्याने गृहीत धरलेले असते आणि प्रत्यक्षात ३,६४० रुपये कापले जातात. लिलावाची सुरुवातीची किंमत ठरवताना हा फरक, चलन बदलण्याचा खर्च आणि एखादे वाद्य परत आल्यास द्यावे लागणारे भाडे, हे सर्व धरूनच आकडा टाकावा. बोली चढेल या आशेवर अगदी कमी किमतीने लिलाव उघडू नये. एकच बोली आली तर त्याच किमतीला वाद्य द्यावे लागते.

त्यानंतर वर्णन. आपल्याकडे तबलीच्या, म्हणजे भोपळ्यावरच्या लाकडी पाटाच्या, कडेच्या पांढऱ्या नक्षीला सर्रास हस्तिदंती काम म्हटले जाते, मग ती नक्षी प्लास्टिकची का असेना. हाच शब्द इंग्रजी वर्णनात गेला की लिस्टिंग, म्हणजे वाद्याची संकेतस्थळावरची नोंद, काढून टाकली जाण्याचा धोका असतो, कारण ईबेने जानेवारी २००९ पासून हस्तिदंताच्या विक्रीवर बंदी घातलेली आहे. म्हणून नक्षी प्लास्टिकची असेल तर तसे स्पष्ट लिहावे आणि घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) हाडाची, लाकडाची की कृत्रिम पदार्थाची आहे, हेही नमूद करावे. जुन्या वाद्याची घोडी सांबरशिंगाची असेल, तर वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तिचा व्यापार करता येत नाही. ती बदलल्याशिवाय वाद्य विक्रीला काढूच नये. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे, पण ते नाव आपल्या वाद्याला लावताना वाद्य खरोखर मिरजेतच घडलेले असले पाहिजे. जुनी दुरुस्ती, पॉलिशमधील डाग, खुंटीचा सैलपणा, हे सर्व दोष फोटोंसह सांगावेत. दोष सांगितल्याने बोली थोडी कमी येईल, हे मान्य आहे. पण वर्णनाशी विसंगत वस्तू या कारणाने परतावा मागितला गेला आणि तो मान्य झाला, तर परतीचे भाडेही विक्रेत्यालाच सोसावे लागते आणि मिरज ते अमेरिका हे भाडे वाद्याच्या नफ्याहून सहज जास्त होते.

पॅकिंगची पायरी सर्वांत महत्त्वाची असून तिच्याकडेच सर्वाधिक दुर्लक्ष होते. पॅकिंग सुरू करण्यापूर्वी वाद्य सुरात लावून त्याची जवारी, म्हणजे तारांचा गुंजणारा नाद, ऐकू येईल असे ध्वनिचित्रण करावे. मग भोपळा चारही बाजूंनी, भोपळा आणि दांडी यांचा सांधा, तबलीचा पृष्ठभाग आणि खुंट्या यांचे जवळून, उजेडात फोटो घ्यावेत. तारा पूर्ण सैल कराव्यात, घोडी काढून वेगळी गुंडाळावी आणि ती पेटीत कोठे ठेवली आहे, हे चित्रणात दाखवावे. घोडी हरवली, ही तक्रार नेहमीची आहे. भोपळ्याच्या भोवती आणि आतल्या पेटीच्या बाहेर अशी दोन्हीकडे गादी असावी, कारण बाहेरच्या पेटीला साधा चरा नसतानाही आत भोपळा फुटलेला निघतो. पेटी बंद करून वजन काट्यावर दिसेपर्यंत आणि पत्त्याचे लेबल चिकटेपर्यंत चित्रण थांबवू नये. कोरड्या, तापवलेल्या घरात नेलेल्या लाकडाला काही आठवड्यांनी चीर जाऊ शकते, तेव्हा वाद्य कसे ठेवावे याची सूचना इंग्रजीत छापून पेटीत घालावी आणि तीच संकेतस्थळाच्या संदेशातूनही पाठवावी. संदेशाची नोंद संकेतस्थळाकडेच राहते, हा त्यातला खरा फायदा आहे. ग्राहकाशी व्हॉट्सॲपवर झालेले बोलणे निवाड्याच्या वेळी सहसा उपयोगी पडत नाही.

पार्सल नेहमी ट्रॅकिंगसह पाठवावे आणि ईबेवर एकूण रक्कम ७५० डॉलर किंवा त्याहून अधिक असेल तर घेणाऱ्याची सही घेण्याची सेवा घ्यावीच. ती नसेल तर वस्तू पोहोचली नाही या तक्रारीत आपली बाजू टिकत नाही.

बोली लावून पैसे न भरणाऱ्यांबाबत फार मनस्ताप करून घेऊ नये. चार दिवस उलटूनही पैसे आले नाहीत, तर ग्राहकाने पैसे भरले नाहीत हेच कारण निवडून व्यवहार रद्द करावा. येथे अनेकजण घाईत दुसरे कारण निवडतात, त्यामुळे रद्द केल्याचा दोष विक्रेत्याच्या नावावर लागतो. असे व्यवहार वारंवार बुडवणाऱ्यांची बोली रोखण्याची सोय खात्याच्या सेटिंगमध्ये आहे. ती पहिल्याच दिवशी चालू करावी.

इतके करूनही ग्राहकाने तक्रार नोंदवली, तर रागाच्या भरात उत्तर लिहू नये, पण उत्तर लांबवूही नये. विक्रेत्याला कामकाजाचे तीन दिवस मिळतात. त्यानंतर ग्राहक संकेतस्थळाला मध्ये घेऊ शकतो, आणि आपण गप्प राहिलेलो असलो तर निकाल बहुधा विरुद्ध जातो. उत्तर छोटे आणि वस्तुस्थितीपुरते असावे: वर्णनातील कोणत्या वाक्यात हा दोष सांगितला होता, कोणत्या फोटोत तो दिसतो, पार्सल कोणत्या तारखेला पोहोचले. आपण किती वर्षे वाद्ये घडवतो आणि आपली किती मोठी परंपरा आहे, हे सांगावेसे वाटणे साहजिक आहे, परंतु निवाडा करणाऱ्याला त्याचा उपयोग नसतो. निकाल विरुद्ध गेल्यास प्रकरण बंद झाल्यापासून तीस दिवसांच्या आत अपील करता येते. अपिलात तेच म्हणणे पुन्हा मांडण्याऐवजी नवा पुरावा जोडावा, उदाहरणार्थ कुरिअरचे वजनाचे पत्र किंवा परत आलेल्या वाद्याचे पेटी उघडतानाचे चित्रण. परत आलेली पेटी म्हणूनच कॅमेरा लावल्याशिवाय कधीही उघडू नये.

संकेतस्थळाच्या वर दाद मागण्याचे मार्ग मर्यादित आहेत आणि त्यांविषयी भ्रम नसावा. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० मध्ये तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यावी आणि महिन्याभरात निवारण करावे असे म्हटले आहे, पण ती मुदत ग्राहकाच्या तक्रारीसाठी आहे. विक्रेत्याच्या उपयोगाची तरतूद वेगळी आहे: एकाच प्रकारच्या विक्रेत्यांमध्ये संकेतस्थळ भेदभाव करत असेल किंवा करू शकत असेल, तर त्याचे वर्णन त्याने आपल्या अटींमध्ये दिले पाहिजे. स्पर्धा कायद्याचे कलम ४ वर्चस्वाच्या गैरवापराविरुद्ध आहे आणि स्पर्धा आयोगाने जानेवारी २०२० मध्ये अॅमेझॉन व फ्लिपकार्ट यांच्या व्यवहारांची चौकशी करण्याचा आदेशही दिला होता. तथापि आयोग एका तानपुऱ्याचे पैसे परत मिळवून देत नाही. तेथे बाजारपेठेचे वागणे तपासले जाते, म्हणून मिरजेतील कारागिरांनी एकत्र येऊन, प्रत्येकाच्या प्रकरणाच्या तारखा आणि कापलेल्या रकमा एका तक्त्यात मांडूनच तेथे जाण्याचा विचार करावा.

शेवटची पायरी आजपासूनच सुरू करता येते. सर्व विक्री एकाच संकेतस्थळावर ठेवू नये. ग्राहकाला संदेश पाठवून बाहेर सौदा करण्याचे आमिष मात्र दाखवू नये, कारण त्यासाठी खाते बंद होऊ शकते. त्याऐवजी प्रत्येक वाद्यावर कारखान्याचे नाव आणि गाव असलेली पट्टी लावावी, स्वतःचे साधे संकेतस्थळ असावे आणि त्यावर प्रत्येक वाद्याचे ध्वनिचित्रण ठेवावे, म्हणजे ते नाव शोधणारा संगीतशिक्षक थेट आपल्यापर्यंत येऊ शकेल. आणि खाते केव्हाही गोठवले जाऊ शकते हे लक्षात ठेवून, ऑर्डरची यादी, पावत्या आणि मिळालेले अभिप्राय दर महिन्याच्या पहिल्या तारखेला उतरवून स्वतःच्या संगणकावर जतन करावेत. कर्जासाठी बँक किंवा जीएसटीसाठी सीए विचारतील तेव्हा हीच कागदपत्रे द्यावी लागतात.