लाउंजमध्ये जाण्याआधी: गावाहून विमान धरणाऱ्यांसाठी तयारीची यादी

पांढरकवडा, हिंगणघाट किंवा त्याही अलीकडच्या एखाद्या फाट्यावरून नागपूरला जाऊन विमान धरायचे असेल, तर तयारीची सुरुवात एसटीच्या वेळापत्रकापासून करावी आणि विमानाचे तिकीट त्यानंतर हाती घ्यावे. विमानतळावर पैसे भरून बसता येते अशी लाउंजची सोय असते, हे आता गावोगावी ठाऊक झाले आहे. मात्र ती आपल्या उपयोगाची आहे की नाही, हे आपली बस नागपूरला किती वाजता पोहोचते आणि विमान किती वाजता सुटते यावरच ठरते.

अनेकांचा समज असा असतो की पहाटेचे विमान असल्यास शेवटच्या बसने रात्री नऊच्या सुमारास नागपूर गाठावे आणि लाउंजमध्ये पाठ टेकावी. तसे होत नाही. लाउंज बहुधा सुरक्षा तपासणीच्या पलीकडे असते, तपासणीला जाण्यासाठी बोर्डिंग पास लागतो, मोठी बॅग आधी काउंटरवर सोपवावी लागते आणि हा काउंटर उड्डाणाच्या फक्त काही तास आधी उघडतो. त्यात लाउंजवालेही साधारणपणे उड्डाणाआधीच्या दोन-तीन तासांतच प्रवेश देतात. रात्रीच्या मुक्कामासाठी नातेवाइकाचे घर किंवा वर्धा रोडवरची साधी खोली गाठणेच योग्य. दुपारचे किंवा संध्याकाळचे विमान असेल आणि सकाळच्या बसशिवाय दुसरी बस नसेल, किंवा मुंबई, दिल्ली, हैदराबाद अशा ठिकाणी विमान बदलताना चार-पाच तास काढायचे असतील, तेव्हा मात्र या सोयीचा खरा उपयोग होतो, विशेषतः सोबत म्हातारे माणूस असेल तर.

हिंगणघाट–बुटीबोरीकडून येणाऱ्या बस वर्धा रोडनेच नागपुरात शिरतात, त्यामुळे गणेशपेठच्या स्थानकापर्यंत जाऊन पुन्हा मागे येण्याची गरज नसते. बस खापरीला थांबते का, हे कंडक्टरला आधीच विचारून ठेवावे. तिथून मेट्रोने एअरपोर्ट स्थानकापर्यंत येता येते. स्थानक मुख्य रस्त्यावर आहे आणि टर्मिनल तिथून आत आहे, म्हणून सामान असल्यास पुढे ऑटो करावा.

सर्वांत जास्त लक्ष द्यायची गोष्ट म्हणजे कार्ड. बँकेच्या कार्डावर लाउंज फुकट मिळते असे ऐकून लोक निघतात, पण प्रत्येक कार्डावर ही सोय नसते. रुपे कार्डावर ‘प्लॅटिनम’ किंवा ‘सिलेक्ट’ असे छापलेले असेल तर शक्यता असते; जनधन खात्याचे किंवा किसान क्रेडिट कार्डाचे साधे रुपे कार्ड यासाठी सहसा चालत नाही. सोय असली तरी ती तिमाहीत किंवा वर्षात ठरावीक वेळाच वापरता येते, आणि अलीकडे बऱ्याच बँकांनी आदल्या तिमाहीत कार्डावर अमुक इतका खर्च झालेला असला पाहिजे अशी अट घातली आहे. कार्ड प्रत्यक्ष जवळ हवे, त्यावरचे नाव बोर्डिंग पासवरच्या नावाशी जुळले पाहिजे, पिन पाठ असला पाहिजे आणि खात्यात थोडी रक्कम असली पाहिजे, कारण कार्ड खरे आहे हे तपासण्यासाठी मशिनवर दोन रुपयांसारखी किरकोळ रक्कम कापली जाते. एका कार्डावर एकच माणूस आत जातो, हेही पक्के ध्यानात ठेवावे.

हे मी अनुभवावरून लिहितो आहे. गेल्या हिवाळ्यात आईला बहिणीकडे बंगळुरूला घेऊन जाताना मधल्या विमानतळावर चार तासांचे अंतर होते. आमच्या तालुक्याच्या शाखेत विचारले तेव्हा कार्ड चालेल असे सांगण्यात आले होते. प्रत्यक्षात लाउंजच्या काउंटरवर मशिनने ते नाकारले, कारण खर्चाची अट पूर्ण झालेली नव्हती आणि ती अट आम्हाला कोणी सांगितलीच नव्हती. दोघांचे पैसे भरणे जड वाटले, म्हणून मी आईचे तेवढे भरले आणि बाहेरच्या खुर्चीवर बसलो. पाऊण तासाच्या आत ती बाहेर आली. ताटात वाढून घेतलेला उपमा तिच्याने एकटीने खाववला नाही; माझ्यासाठी थोडा बांधून द्या, असे तिने तिथल्या मुलीला सांगितले, तर अन्न बाहेर नेता येत नाही असे उत्तर मिळाले. तिच्या लुगड्याच्या पदराच्या टोकाला दोन कागदी रुमाल बांधलेले होते, तेवढेच तिने माझ्यासाठी आणले होते. तेव्हापासून मी सर्वांना सांगतो की सोबत दोघे असतील तर दोघांचा खर्च आधी धरावा, नाहीतर दोघांनीही बाहेरच बसावे, आणि कार्डाच्या अटी शाखेत तोंडी न विचारता बँकेच्या ग्राहक क्रमांकावर फोन करून विचाराव्यात.

पैसे भरून जायचे असल्यास देशांतर्गत लाउंजसाठी माणशी साधारण एक ते दोन हजार रुपयांची तयारी ठेवावी, कर त्यात धरला आहे का हे विचारावे आणि किती तास बसता येईल तेही विचारून घ्यावे; बहुतेक ठिकाणी दोन-तीन तासांची मर्यादा असते. मद्य देशांतर्गत लाउंजमध्ये सहसा वेगळ्या पैशांचे असते. नुसती भूक भागवायची असेल तर एवढा खर्च मला पटत नाही. नागपुरात उतरल्यावर तर्री-पोहे खाऊन निघालेला माणूस दुपारपर्यंत निभावतो. कोलकाता विमानतळावर डिसेंबर २०२४ मध्ये ‘उडान यात्री कॅफे’ हे स्वस्त खाण्यापिण्याचे दुकान सुरू झाले, तिथे दहा रुपयांत चहा मिळतो. नंतर आणखी काही विमानतळांवर असे कॅफे निघाले, तेव्हा आपल्या वाटेवरच्या विमानतळावर तो आहे का याची चौकशी जरूर करावी. पैसे द्यायचे ते निवांत खुर्ची, स्वच्छ शौचालय आणि फोन चार्ज करण्याची जागा यांचे.

लाउंजच्या नावाने आलेले कोणतेही अॅप किंवा लिंक उघडू नये. सप्टेंबर २०२४ मध्ये बंगळुरू विमानतळावर एका महिलेने लाउंजसाठी अशा लिंकवरून अॅप उतरवून घेतले आणि पुढे तिच्या कार्डावरून ८७ हजार रुपयांहून अधिक रक्कम गेली; ते अॅप फोनवर येणारे संदेश, म्हणजे ओटीपीसुद्धा, परस्पर दुसरीकडे पाठवत होते. आपण काउंटरवर कार्ड द्यावे, पिन स्वतःच्या हाताने दाबावा, एवढे पुरेसे आहे.

सामान बांधताना लाउंजचा विचार फारसा करावा लागत नाही, पण तपासणीचा करावा लागतो, कारण तिथे वेळ गेला की लाउंजचे भरलेले पैसे वाया जातात. तेलाचे लोणचे, ठेचा, तिखटाची पूड हे सारे मोठ्या बॅगेत, झाकणाला चिकटपट्टी लावून ठेवावे. हातातल्या पिशवीतली लोणच्याची बरणी बाहेर काढून ठेवायला लावू शकतात आणि घरून प्रेमाने दिलेली वस्तू डोळ्यांदेखत तिथेच सोडावी लागू शकते. अडकित्ता आणि विळाही मोठ्या बॅगेतच जाऊ द्यावा. काडीपेटी आणि लायटर मात्र कुठल्याच बॅगेत चालत नाहीत. पॉवर बँक उलट हातातच ठेवावी लागते. भाकरी, चटणी, चिवडा अशी कोरडी शिदोरी देशांतर्गत प्रवासात नेता येते. लाउंजमध्ये ती उघडू देत नाहीत, म्हणून आधी किंवा नंतर खावी.

चालायला त्रास होणाऱ्या माणसासाठी व्हीलचेअर विमान कंपनीकडे ४८ तास आधी सांगून ठेवावी. त्यातली एक बारीक गोष्ट सहज सुटते. चेअर ढकलणारा मदतनीस आपल्याला लाउंजपाशी सोडून दुसऱ्या प्रवाशाकडे जातो, तेव्हा तो किती वाजता परत येणार आणि आला नाही तर कोणाला सांगायचे, हे तो निघण्याआधीच ठरवून घ्यावे. इन्सुलिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या पिशवीत ठेवावी.

विमानाला उशीर झाल्याचे कळताच लगेच लाउंजकडे वळू नये. अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तास किंवा त्याहून अधिक उशीर होत असेल तर खाण्यापिण्याची सोय करणे हे नियमाने विमान कंपनीवर बंधनकारक आहे; ती आधी काउंटरवर मागावी. लाउंज अगोदरच आरक्षित केले असेल तर वेळ बदलल्यावर पैसे परत मिळतात का, हे आरक्षण करतानाच वाचून ठेवावे.

आत बसल्यावर विमानाची घोषणा ऐकू येईल असे धरून चालू नये. बऱ्याच विमानतळांवर आता घोषणा करतच नाहीत, सारे पडद्यावर येते. विमानाचा क्रमांक, गेट आणि वेळ मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून म्हाताऱ्या माणसाच्या हाती द्यावी, म्हणजे पडद्यावरचे आकडे त्या कागदाशी जुळवता येतात. गेट उड्डाणाच्या साधारण २० ते २५ मिनिटे आधी बंद होते, आणि मोठ्या विमानतळावर लाउंजपासून गेटपर्यंत पंधरा-वीस मिनिटे चालावे लागू शकते. म्हणून फोनवर उड्डाणाच्या सव्वा तास आधीचा गजर लावावा, तो वाजला की आधी शौचालयाला जाऊन यावे, पडद्यावर गेट बदलले नाही ना ते पाहावे आणि चार्जरला लावलेला फोन काढून घेऊन निघावे.