दुसऱ्याच्या वर्गात चालेल असं टाचण कसं पाठवावं

केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, व्हॉट्सॲप ग्रुपवर टाचणांचे (तासाआधी लिहिलेल्या पाठाच्या आखणीचे) फोटो रोज येतात, पण दुसऱ्या शिक्षकाच्या वर्गात त्यातलं फार थोडं उतरतं. बहुतेक टाचणं तपासणीसाठी लिहिलेली असतात. अध्ययन निष्पत्ती (मुलांना काय यायला हवं ते), साहित्य, कृती, मूल्यमापन हे रकाने भरलेले असतात, पण मुलं कुठं अडली ते कुठंच नसतं. घेणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं. म्हणून शिकवून झालेलंच टाचण पाठवा. तास झाला त्याच दिवशी, शाळा सुटायच्या आत, त्याखाली लाल पेनानं दोन-तीन ओळी लिहा. दुसऱ्या दिवशी त्यातलं निम्मं आठवत नाही.

टाचणाच्या वरच्या कोपऱ्यात वर्गाची ओळख द्या: इयत्ता, पट (एकूण मुलं), त्या दिवशीची हजेरी, स्वतंत्र वर्ग की जोडवर्ग (दोन इयत्ता एकाच शिक्षकाकडे), मुलांची घरची भाषा. सांगली जिल्ह्यात ही ओळ सोडून चालत नाही. जतच्या सीमेलगत घरी कन्नड बोलणारी मुलं मराठी शाळेत असतात. वाळवा, पलूसकडे गळीत हंगाम सुरू झाला की ऊसतोड मजुरांची मुलं वर्षाच्या मध्येच वर्गात येऊन बसतात आणि मागचा घटक त्यांचा राहिलेला असतो. जोडवर्ग असेल तर तुम्ही तिसरीजवळ असताना चौथी काय करत होती, तेही लिहा. द्विशिक्षकी शाळेतला शिक्षक आधी तेच शोधतो.

नमुन्यासाठी हातच्याच्या वजाबाकीचा ३५ मिनिटांचा तास घेऊ. पट २४, चार-चार मुलांचे ६ गट. प्रत्येक गटाला दहा-दहा काड्यांचे ५ गठ्ठे आणि २ सुट्या काड्या, म्हणजे एकूण ३१२ काड्या. गठ्ठे आदल्या दिवशी मोजून ठेवा. एखाद्यात ९ काड्या निघाल्या की उत्तर चुकतं आणि मूल स्वतःलाच चूक समजतं. पहिली ५ मिनिटं ५८ − २३ सारखं बिनहातच्याचं उदाहरण. मग १५ मिनिटं ५२ − २७ काड्यांवर. ‘७ सुट्या काढून ठेवा’ म्हणायचं आणि गप्प राहायचं. गठ्ठा सोडायचं मुलांनाच सुचू द्यायचं. १० मिनिटं तेच फळ्यावर उभ्या मांडणीत आणि शेवटची ५ मिनिटं प्रत्येकाच्या पाटीवर ४० − १६.

आता लाल ओळी. ‘बऱ्याच जणांचं उत्तर ३५ आलं’ एवढंच लिहिलं तर घेणाऱ्याच्या हाती काही लागत नाही, कारण ३५ दोन वेगळ्या चुकांतून येतं. एक मूल ‘मोठ्यातून लहान’ म्हणत ७ मधून २ वजा करतं. दुसरं मूल एक दशक सुटं करून १२ मधून ७ बरोबर काढतं, पण दशकाच्या घरात ५ चे ४ करायला विसरतं. पहिल्याला पुन्हा काड्या द्याव्या लागतात. दुसऱ्याला फळ्यावर ५ खोडून ४ लिहायची सवय लावावी लागते. म्हणून लाल ओळ अशी हवी: ‘पुढच्या वेळी ५३ − २७ घ्या. पहिल्या चुकीला ३४ येतं, दुसऱ्या चुकीला ३६, आणि बरोबर उत्तर २६. पाटी पाहताच कळतं.’ अशी एक ओळ पानभर उद्दिष्टांपेक्षा जास्त कामाची.

परिसर अभ्यासाच्या टाचणात बदलायची जागा चौकटीत टाका. तासगावच्या शिक्षकानं ऑक्टोबरातल्या द्राक्ष छाटणीवर तास बांधला असेल, तर शिराळ्यात तिथं भात येईल. मुलांनी शेतात जाऊन कोणते तीन प्रश्न विचारायचे, ते मात्र तसेच राहतील.

पाठवताना टाचण एका पानात बसवा. संगणकावर टाइप करत असाल तर युनिकोडमध्येच करा. जुन्या फॉन्टमधली फाइल दुसऱ्याच्या मोबाइलवर उघडली की नुसती चिन्हं दिसतात. वहीचं पान असेल तर उजेडात स्कॅन करून पीडीएफ करा आणि डॉक्युमेंट म्हणून पाठवा. साध्या फोटोचा दर्जा व्हॉट्सॲपवर कमी होतो आणि पेन्सिलीची अक्षरं पुसट होतात. फाइलला ‘३री-गणित-वजाबाकी हातच्याची’ असं नाव द्या. ‘नवीन टाचण फायनल’ सहा महिन्यांनी कुणालाच सापडत नाही. पाठ्यपुस्तकाच्या पानांचे फोटो जोडू नका, पान क्रमांक पुरतो. मुलांची नावं, गुण, चेहरे पाठवण्याआधी काढा. दिव्यांग मुलाबद्दलची नोंद तर नाव नसलं तरी लहान गावात ओळखू येते.

ग्रुपवर टाचण वर सरकून जातं, म्हणून ड्राइव्हवर इयत्तावार फोल्डर करा आणि बाकीच्यांना फक्त पाहण्याची परवानगी द्या. नाहीतर कुणीतरी मूळ प्रतीतच बदल करून बसतं. ज्याला बदल करायचा त्यानं प्रत काढून घ्यावी. महिन्याच्या शिक्षण परिषदेत (केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीत) केंद्रप्रमुखांकडून २० मिनिटं मागून घ्या आणि एकच टाचण घ्या, तेही वापरलेल्या शिक्षकानं मांडायचं, लिहिणाऱ्यानं नव्हे. त्यानं काय बदललं आणि त्याच्या मुलांची कोणती नवी चूक निघाली, ते त्याच्या प्रतीवर तारखेसह लाल ओळींच्या खाली लिहून ती फाइल फोल्डर सांभाळणाऱ्याकडे द्यायची, म्हणजे तो ती फोल्डरमध्ये टाकेल.