जुन्या कॅमारोत नवं इंजिन? आधी ब्रेक बघा

आमच्या मंडळातली दोन-तीन पोरं सध्या शेवरलेची जुनी कॅमारो घ्यायच्या मागे आहेत. प्रत्येकाचा पहिला प्रश्न तोच, "दादा, एलएस-३ कितीला पडतं?" एलएस-३ म्हणजे जनरल मोटर्सचं नव्या जमान्याचं आठ सिलिंडरचं इंजिन. माझं उत्तरही ठरलेलं. इंजिन सगळ्यात शेवटी घ्यायचं. डेट्रॉइटजवळ ब्रेकच्या टेस्टिंगवर माझं पोट चालतं, तेव्हा माझा कल कुणीकडे हे उघड आहे. पण १९६९ सालच्या साध्या कॅमारोला चारही चाकांना ड्रम ब्रेक, मागे पाटे (लीफ स्प्रिंग) आणि चौदा इंची चाकं असायची. तिला एलएस-३ची ४३० हॉर्सपॉवर दिलीत तर सरळ रस्त्यावर ती झकास पळेल. थांबायचं आणि वळायचं मात्र तिच्या मर्जीवर.

गाडी निवडताना आधी चॅसी नंबर वाचा. ६९च्या गाडीत तो डॅशबोर्डवर ड्रायव्हरच्या बाजूला असतो, काचेतून दिसतो. सुरुवात १२४ ने असेल तर ती कारखान्यातून व्ही-एट, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन घेऊन निघालेली, १२३ असेल तर सहा सिलिंडरवाली. नंबरातलं एन अक्षर म्हणजे ओहायोतला नॉरवूडचा कारखाना, एल म्हणजे कॅलिफोर्नियातला व्हॅन नाइजचा. हौशी लोक १२३ पाहून नाक मुरडतात. आपल्याला तीच हवी, कारण ती स्वस्त पडते आणि कापताना हात थरथरत नाही. मूळ इंजिन शाबूत असलेली खरी झी-२८ (कॅमारोची शर्यतीसाठी काढलेली खास आवृत्ती) कापायला घेतलीत तर जुनी जाणती मंडळी तुमच्याशी बोलणं टाकतील, वर पैसेही बुडतील.

मग गंज. खिशात कापडात गुंडाळलेला चुंबक ठेवा. मागच्या चाकावरच्या कमानीला आणि दाराखालच्या पत्र्याला तो चिकटला नाही, तर रंगाखाली पुट्टी भरलेली आहे. पुढच्या काचेखाली जाळी असते, तिच्यात मगभर पाणी ओता आणि आत पाय ठेवायच्या जागी हात फिरवून बघा. हात ओला झाला तर किंमत पाडा किंवा सरळ निघा. तिथला पत्रा बदलायचा म्हणजे काच, फेंडर, डॅशबोर्ड सगळं उतरवावं लागतं. आमच्या मिशिगनमध्ये हिवाळ्यात रस्त्यावर मीठ पडतं, म्हणून ॲरिझोनासारख्या कोरड्या मुलखातली गाडी ट्रेलरवर आणणं शेवटी परवडतं.

आता मुद्द्याचं काम. या कॅमारोला टोकापासून टोकापर्यंत अख्खी चॅसी नाही. पुढचा सबफ्रेम, म्हणजे इंजिन आणि पुढची चाकं धरणारा सांगाडा, वेगळा, तो रबरी बुश घालून बॉडीला बोल्टांनी जोडलेला. पन्नास वर्षांत ते रबर चेपून वाकडंतिकडं झालेलं असतं. बुश ॲल्युमिनियमचे घाला, सबफ्रेम कर्ण मोजून काटकोनात बसवा आणि तो मागच्या फ्रेमला जोडणारे कनेक्टर वेल्ड करा. वेल्डिंगच्या वेळी गाडीचं वजन चाकांवर, म्हणजे ॲक्सलखाली आधार देऊन पेललेलं हवं. दोन खांबांच्या लिफ्टवर लोंबकळत वेल्ड केलीत तर बॉडी झुकलेल्या स्थितीतच पक्की होते आणि मग दारं लागत नाहीत.

पुढच्या सस्पेन्शनचा मूळ दोष भूमितीचा आहे. गाडी वळणात कलली की बाहेरच्या चाकाचा माथा बाहेर झुकतो, नेमका तेव्हाच टायर रस्ता सोडू बघतो. वरच्या आर्मची आतली बिजागरी खाली आणणे हा जुना रेसिंगवाल्यांचा उपाय, गुल्डस्ट्रँड मॉड म्हणून ओळखला जाणारा. आज तयार आर्म आणि उंच बॉलजॉइंट मिळतात, तेही तेच काम करतात. अलाइनमेंटवाल्याला मात्र बजावून सांगा की कारखान्याचं पुस्तक मिटून ठेव. ते आकडे जुन्या बायस-प्लाय (तिरप्या थरांच्या) टायरसाठी होते. आजच्या रेडियल टायरला कॅस्टर (स्टिअरिंगच्या अक्षाचा मागे कल) अधिक ५ ते ६ अंश, कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) उणे अर्धा ते एक अंश, टो-इन (चाकांची पुढची टोकं आत वळणं) एक षोडशांश इंच. एवढ्यानं स्टिअरिंग माणसात येतं. मागे पाटे काढून चार दांड्यांच्या फोर-लिंक सस्पेन्शनचा खर्च कशाला? रस्त्यावर चालवायच्या गाडीला चांगले नवे पाटे आणि दमदार शॉक पुरतात. पुढे डिस्क, दोन कप्प्यांचा मास्टर सिलिंडर आणि मागचं प्रेशर कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह घाला, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तर आधी मागची चाकं लॉक होणार नाहीत.

आता घ्या इंजिन. खिसा भरलेला असेल तर नवं एलएस-३, ६.२ लिटरचं. नसेल तर भंगारातल्या सिल्वरॅडो ट्रकचं किंवा टाहो एसयूव्हीचं ५.३ लिटरचं. ओतीव लोखंडी ब्लॉकचं, जड, पण मरता मरत नाही. ॲल्युमिनियमचं घेतलंत तर जुन्या इंजिनापेक्षा नाकावर शंभरेक पौंड कमी पडतात. जुन्या वजनाच्या स्प्रिंग ठेवल्या तर गाडी नाक वर करून बसते, म्हणून स्प्रिंग इंजिन ठरल्यावरच मागवा. ट्रकचा ऑइल पॅन सबफ्रेमच्या आडव्या तुळईला (क्रॉसमेंबरला) अडतो, कॅमारोसाठीचा वेगळा घ्या. खाली बसणारा एसी कॉम्प्रेसरही बहुधा सबफ्रेमला धडकतो. टी-५६ मॅग्नम हा सहा गिअरचा बॉक्स बसवायचा तर मधला बोगदा कापून उंच करावा लागतो. आणि हे सगळं रंगाच्या आधी. कच्च्या पत्र्यावर अख्खी गाडी जोडा, चालवून बघा, मग खोला आणि रंगवा. आईला फोनवर "गाडी पुन्हा खोलतोय" म्हटलं की ती विचारते, "अरे, तिकडे गॅरेजवाले नाहीत का?"

तीन बारीक गोष्टी. कार्ब्युरेटरला पाच-सहा पीएसआय दाबाचं पेट्रोल पुरायचं, एलएसच्या इंजेक्टरना ५८ लागतं. म्हणून टाकीच्या आत पंप असलेली नवी टाकी बसवा. दुसरं, सिलिंडर हेडवरून निघणारी बारीक स्टीम लाइन. ती रेडिएटरच्या वरच्या भागात गेलीच पाहिजे. ती बंद करून टाकणारे बहाद्दर मी पाहिलेत. पाण्यातली हवा हेडमध्ये अडकते, काटा नॉर्मल दाखवतो आणि मागचे सिलिंडर तापत राहतात. तिसरं, अर्थिंग. इंजिन रबरी माउंटवर असतं, त्यातून वीज जात नाही. ब्लॉक ते सबफ्रेम आणि ब्लॉक ते बॉडी अशा जाड वेणीच्या तारा टाका, बोल्टाखालचा रंग खरवडून. कॉम्प्युटरचे निम्मे "भुताटकी" दोष इथंच मिटतात.

भारतातल्या मित्रांनी हे वाचून लगेच पाना उचलू नये. तिकडे गाडीत बदल करण्यावर बंधन घालणारं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आधी आरटीओत विचारा. इकडेही राज्याराज्यात फरक आहे. कॅलिफोर्नियात १९७५ पर्यंतच्या पेट्रोल गाड्यांना स्मॉग टेस्टमधून (धुराच्या तपासणीतून) सूट आहे. विमा घेताना ठरलेल्या किमतीची पॉलिसी मागा, नाहीतर तुमच्या खर्चाचा हिशेब कुणी धरणार नाही.

पहिल्या काही फेऱ्या घराजवळच मारा. सबफ्रेमचे, आर्मचे बोल्ट पुन्हा टॉर्क करा. स्प्रिंग बसल्या की अलाइनमेंट पुन्हा करून घ्या. कूलिंगची खरी परीक्षा हायवेवर होत नाही, ती ऑगस्टातल्या तिसऱ्या शनिवारी डेट्रॉइटच्या वुडवर्ड अव्हेन्यूवर होते. ड्रीम क्रूझ या जुन्या गाड्यांच्या जत्रेची गर्दी, गाडीला गाडी लागलेली, वरून ऊन. तासभर रांगेत राहूनही काटा २१० फॅरनहाइटच्या आसपास थांबला तर ठीक. चढतच राहिला तर थर्मोस्टॅट बदलत बसू नका, आधी पंख्याभोवतीचं श्राउड (हवा वळवणारं आवरण) रेडिएटरला सगळीकडून नीट टेकलंय का ते बघा.